खुर्चीत बसलेल्या तासांचं शिक्षण

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना इथं डॉक्टर, सिस्टर, सीएचओ आणि आशाताईंसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या ताईंना ऐकू येतंय ना? नाही आलं तर हात वर करा, मी माइक जवळ घेते.

माझी ओळख करून देताना सरांनी सांगितलं की मॅडमनी खूप परिषदा केल्या, खूप प्रशिक्षणं घेतली. खरं आहे ते. पुरावा सोबतच आणलाय. ही फाइल. गेल्या पंधरा-सोळा वर्षांतली माझी सगळी सर्टिफिकेटं हिच्यात आहेत. जाडजूड झालीय, आणि आज मला या फाइलवरच टीका करायची आहे. म्हणजे सुरुवात माझ्यापासूनच.

आशाताईंसाठी थोडं सांगते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ज्या डॉक्टरांची नोंदणी असते, त्यांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ते जमले की नोंदणीचं नूतनीकरण. यामागची कल्पना जुनी आहे. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं २००२ सालच्या आचारसंहितेत लिहून ठेवलं होतं की डॉक्टरनं पाच वर्षांत निदान ३० तास शिक्षणाच्या कार्यक्रमांना हजर राहावं. कल्पना चांगलीच आहे. मी कॉलेजात शिकले तेव्हाची निम्मी औषधं आज कुणी लिहीत नाही. शिकणं थांबवलेला डॉक्टर धोकादायक असतो, यावर माझा काही वाद नाही.

वाद शब्दाशी आहे. ‘हजर राहावं.’ आपण हजेरी मोजतो. हॉलच्या दारात नाव लिहिलं, सही केली, पिशवी घेतली, त्यात पेन आणि पॅड, आणि मग बसायचं. संध्याकाळी सर्टिफिकेट. मी डुलकी काढली असली तरी सर्टिफिकेट तेच. कुणी मला उठवून विचारलं नाही की बाई, उद्या ओपीडीत तुम्ही काय वेगळं करणार?

काल रात्री फाइल चाळली. वंध्यत्व आणि टेस्ट ट्यूब बेबी, सात कार्यक्रम. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, नऊ. सोनोग्राफी, पाच. नवीन लोहाची इंजेक्शनं, कंपनीच्या सौजन्यानं, चार. अंगावरून पांढरं जाणं, एक. तेही जेवणानंतरचं सत्र, वक्त्याला विमान पकडायचं होतं. आणि ‘अंग बाहेर येणं’, ज्याला आपण प्रोलॅप्स म्हणतो, त्यावर एकही नाही. शस्त्रक्रियेवर होतं. पण ज्या बाईला शस्त्रक्रिया नको आहे, जिला चार दिवस कपाशी वेचायला जायचंय, तिला आत रिंग कशी बसवून द्यायची, हे कुणी मला खुर्चीवरून उठवून, हातात देऊन शिकवलं नाही.

आता तुम्ही सांगा. तुमच्या उपकेंद्रात, तुमच्या दवाखान्यात बाई काय घेऊन येते? कंबर दुखते. अंगावरून जातं. पाळी लांबते. अशक्तपणा आहे. लघवीला जळजळ होते. बरोबर? मग आपला अभ्यासक्रम कोण ठरवतं? जो शिकवतो तो ठरवतो, आणि त्याच्याकडे जे पेशंट येतात त्यावरून ठरवतो. शहरातल्या मोठ्या डॉक्टरला वंध्यत्वाचे पेशंट दिसतात, तो वंध्यत्व शिकवतो. त्याची चूक नाही. पण बाईला काय होतं हे विचारून अभ्यासक्रम ठरवायचा, ही गोष्ट झालेली नाही.

हे विचारायचं काम महाराष्ट्रातच एकदा झालं होतं, आणि अख्ख्या जगानं ते वाचलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दोन गावं घेतली. दवाखान्यात आलेल्या बायका नाही घेतल्या, गावातल्या बायका घेतल्या. ६५० जणींची पूर्ण तपासणी केली. १९८९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी प्रकार होता. सरासरी काढली तर एका बाईला साडेतीनहून जास्त आजार. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. म्हणजे कित्येकींना आजार होता आणि त्या बोलतही नव्हत्या. आणि मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा ऐका. आयुष्यात आधी कधी या कारणासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

हे गावात जाऊन केलेलं काम होतं. कुठलंही मोठं यंत्र नव्हतं. बाईला झोपवून, विचारून, स्पेक्युलम घालून बघितलं, नमुना घेतला. बस. त्यानंतर पस्तीस वर्षं झाली. मी तुम्हाला नावं नाही विचारत, मनातच उत्तर द्या. गेल्या महिन्यात अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या किती जणींना तुम्ही टेबलावर घेऊन बघितलं? आणि किती जणींना नुसतं ऐकून हिरवं किट दिलं?

हसू नका. मीपण दिलंय. ओपीडीत ऐंशी पेशंट, टेबलावर खोके, पडद्याला रिंगा नाहीत. गोळ्या देणं सोपं असतं. पण एक लक्षात घ्या. न बघता दिलेल्या गोळ्यांनी त्या बाईला बरं वाटलं नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही, की ती कुठे जाते? ती तालुक्याला जाते, सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवीला गाठ आहे’, ‘पुढं कॅन्सर होईल’. आणि मग तारीख.

आता बीडबद्दल बोलायलाच लागेल, आणि बीड काही इथून लांब नाही. आपल्या जिल्ह्यातूनही दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. अशात पाळी म्हणजे खाडा. जून २०१९ मध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांना विचारलं गेलं, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींत एक. देशभरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास येतं, आणि त्यातल्या दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत होतात.

इथं मला कुणीतरी अडवायला हवं. पुण्यात एका तरुण डॉक्टरनं अडवलं होतं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, यात शिक्षणाचा काय संबंध? हे पैशाचं काम आहे. पिशवी कधी काढायची हे त्या सर्जनला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.’’ त्याचं अर्धं बरोबर आहे. हावेवर कार्यशाळा चालत नाही. त्याला लगाम लागतो. म्हणून तर ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर राज्यांना सांगितलं की अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा.

पण उरलेलं अर्धं? बाई सर्जनपर्यंत पोहोचण्याआधी चार जणांना भेटलेली असते. आशा, सिस्टर, सीएचओ, गावातले बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर. या चौघांपैकी कुणीही तिला बघितलं असतं, संसर्ग आहे का रक्तस्राव आहे हे वेगळं केलं असतं, रक्त कमी आहे म्हणून आधी लोह सुरू केलं असतं, आणि ‘पांढरं गेल्यानं कॅन्सर होत नाही, पण गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेऊ’ असं सांगितलं असतं, तर ती तारीख घ्यायला गेलीच नसती. आणि हे चौघं त्या तीस पॉइंटांच्या हिशेबात कुठं बसतात? माझ्या फाइलमधल्या कार्यक्रमांना त्यांना निमंत्रण नसायचं. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे. आशाताईंना तर प्रशिक्षण म्हणजे बहुतेक वेळा नवीन रजिस्टर कसं भरायचं ते. (हशा) हो ना? मोबाइलमधलं ॲप कसं उघडायचं ते. बाईशी बोलायचं कसं, हे त्यात शेवटच्या अर्ध्या तासात.

आणि कुणी म्हणेल, आशा आणि सिस्टर यांना इतकं अवघड शिकवून उपयोग काय, त्यांची पात्रता काय. त्याला उत्तर मुंबईत मिळालेलं आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी केली. पद्धत अगदी साधी. पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. तपासणाऱ्या कोण? दहावी झालेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. दीड लाखाहून जास्त बायका या अभ्यासात होत्या. २०१४ साली निकाल छापून आला. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. आणि या सेविकांचं बघणं आणि तज्ज्ञ स्त्रीरोगतज्ज्ञाचं बघणं पडताळून पाहिलं, तर जवळजवळ जुळत होतं. दहावी झालेल्या मुली आणि एमडी डॉक्टर.

का जुळलं? त्या हुशार होत्या म्हणून? असतीलही. पण त्यांना शिकवून सोडून दिलं नव्हतं. त्या बघत होत्या, आणि त्यांनी काय बघितलं हे दुसरं कुणीतरी पुन्हा बघत होतं. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. डोळा तयार व्हायला असा काळ लागतो.

आता याच्याच शेजारी आपल्या मराठवाड्यातला अभ्यास ठेवा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीनं, १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. गावांचे चार गट. एकात एचपीव्ही चाचणी, एकात पॅप, एकात हीच ॲसिडची पद्धत, एकात नेहमीचं जे चालतं तेच. एकच फेरी. एचपीव्ही चाचणीच्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ॲसिडच्या गटात मात्र लक्षात घ्यावा असा फरक पडला नाही. तीच पद्धत, मुंबईत चालली, उस्मानाबादेत तेवढी चालली नाही. यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. माझं वाचन असं, की यंत्राची चाचणी एकदा केली तरी काम करते, डोळ्याची चाचणी एकदा करून भागत नाही. (जाता जाता, ज्या गटाला काहीच तपासणी मिळाली नाही त्या बायकांचं काय, हा प्रश्न नंतर जगभर विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता.)

सरकारी कार्यक्रमात ही ॲसिडची तपासणी आता आहेच, तीस वर्षांवरच्या बायकांसाठी. तिचं प्रशिक्षणही होतं. पण प्रशिक्षण झाल्यावर सिस्टरनं बघितलेल्या दहा बायका कुणी पुन्हा बघून ‘सिस्टर, हा डाग नव्हे, ही सूज आहे’ असं सांगितलंय? ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी हात वर करा. … एक. ताई, तुम्ही कुठल्या? … बरं. एक आहे, तेही नसे थोडके.

दुसरी गोष्ट बेळगावची. तिथं जाण्याआधी एक माझी सांगते, कारण तिच्याशिवाय बेळगाव कळणार नाही.

मी नोकरीला नवी होते. कुठं ते सोडा. रात्रीचं बाळंतपण, तिसरं मूल, सगळं व्यवस्थित. मी केसपेपरवर लिहिलं, रक्तस्राव अंदाजे ३०० मिली. हात धुतले, चहा घेतला. तासाभरानं सिस्टर म्हणाल्या, ‘‘मॅडम, बाळंतीण फार शांत आहे.’’ फार शांत! हा शब्द मी आयुष्यभर विसरणार नाही. नाडी लागत नव्हती. टेबलाखालचं भांडं, साडीचा काठ, चादरीची घडी, सगळीकडे रक्त होतं आणि मी फक्त भांड्यातलं बघितलं होतं. गाडी मिळेपर्यंत, जिल्ह्याला पोहोचेपर्यंत, रक्त चढेपर्यंत ती कशी वाचली ते तिलाच माहीत. वाचली. मी त्याआधी दोनच महिने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर एक सुंदर व्याख्यान ऐकलं होतं. कारणं चार, औषधं पाच, सगळं पाठ. सर्टिफिकेट या फाइलमध्ये आहे. व्याख्यान चुकीचं नव्हतं. ३०० मिली म्हणजे किती, हे मात्र माझ्या डोळ्याला ठाऊक नव्हतं.

तर बेळगाव. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक साधी वस्तू तयार केली. प्लॅस्टिकची निमुळती पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा, बाळंतिणीच्या खाली अंथरायची. रक्त त्यात जमतं, रेघ वाचायची. त्यांनी तुलना केली तेव्हा नुसत्या नजरेनं काढलेला अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे मी एकटी नव्हते. अनुभवी माणसंही तिसरा हिस्सा रक्त बघतच नव्हती. याच मापानं मोजत त्यांनी ग्रामीण बेळगावात १,६२० बायकांवर अभ्यास केला. घरी आणि उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या एएनएम सिस्टरांनी बाळ झाल्यावर मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, किंवा दिसायला तशाच नुसत्या गोळ्या. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर. डॉक्टर तिथं नव्हता. सिस्टर होत्या, गोळ्या होत्या, आणि मोजायची पिशवी होती.

मला यातून इतकंच म्हणायचंय. सिस्टरना रक्तस्रावावर आणखी एक व्याख्यान देण्यापेक्षा एकदा बादलीत रंगीत पाणी घ्या, ३०० मिली जुन्या साडीवर ओता, ५०० मिली ओता, एक लिटर चादरीवर ओता आणि त्यांना ओळखायला लावा. चुकतील. मग पुन्हा. अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च शून्य. याला किती क्रेडिट पॉइंट मिळतात? मिळत नाहीत, कारण वक्ता नाही, बॅनर नाही.

पण मी हाताला धरून शिकवण्याचं इतकं गुणगान करतेय, तर त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही सांगितला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम सोयीचं तेवढंच सांगतात. उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० आरोग्य केंद्रांत मोठा प्रयोग झाला. सुरक्षित बाळंतपणाची एक यादी, आणि ती वापरायला मदत करणारे प्रशिक्षक, जे आठ महिने प्रत्यक्ष बाळंतपणाच्या खोलीत येऊन सिस्टरांच्या शेजारी उभे राहायचे. २०१७ साली निकाल आला. दोन महिन्यांनी बघितलं तेव्हा करायला हव्या त्या गोष्टींपैकी ७३ टक्के होत होत्या, दुसऱ्या केंद्रांत ४२. केवढा फरक! पण प्रशिक्षक येणं बंद झाल्यावर चार महिन्यांनी बघितलं, तर ७३ चे ६२ झालेले. आणि बाळ-बाळंतिणीचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत? दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. १५.१ आणि १५.३.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस बेचैन होते. सिस्टर शिकल्या, हात सुधारले, तरी जीव वाचले नाहीत. मग विचार केला. सिस्टरनं वेळेवर ओळखलं की बाईला झटके येणार आहेत. पुढं? रेफर करायला गाडी, गेल्यावर रक्त, रक्त असलं तर भूल देणारा डॉक्टर. शिक्षण एका माणसाच्या हातापर्यंत पोहोचतं, त्याच्या पुढचा रस्ता कुणीतरी बांधावा लागतो. म्हणून कुठलाही अधिकारी जेव्हा माता-मृत्यूच्या बैठकीत म्हणतो ना, ‘सिस्टरांचं प्रशिक्षण लावा’, तेव्हा माझे कान टवकारतात. कधीकधी ते प्रशिक्षण म्हणजे रक्तपेढी न देण्याची सोय असते.

नुसत्या कार्यशाळा आणि बैठकांनी कामात किती फरक पडतो, याचे जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलेत. फरक पडतो, पण सहा-सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माझी फाइल अगदीच वाया गेली नाही. (हशा)

अजून एक गोष्ट राहते, आणि ती माझ्या मते सगळ्यात अवघड आहे. ‘निरंतर शिक्षण’ म्हटलं की आपण नवीन काय आलं ते ऐकतो. जुनं काय सोडायचं, हे कुणी सांगत नाही. बलात्कार झालेल्या मुलीची ‘दोन बोटांची तपासणी’ आमच्या पिढीला पुस्तकात शिकवली गेली, कौमार्याची लक्षणं परीक्षेला यायची. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला की याला शास्त्रीय आधार नाही. महाराष्ट्र शासनानं २०१३ साली तपासणीची नवी पद्धत काढली. आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९ साली कौमार्याच्या लक्षणांचा भाग अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. आणि तरी ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, आणि आरोग्य सेवकांसाठी कार्यशाळा घ्या. न्यायालयाला सांगावं लागलं! आता जे विद्यार्थी शिकतायत ते वाचले. पण २०१९ च्या आधी पास झालेली आम्ही हजारो माणसं आहोत, ग्रामीण रुग्णालयांत रात्रीच्या ड्यूटीवर आम्हीच असतो. आमच्या डोक्यातलं ते पान कोण फाडणार? माझ्या फाइलमध्ये त्यावर एकही सर्टिफिकेट नाही.

चांगलं काम झालंच नाही असं नाही. मुंबईत भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, सेहत संस्था आणि महापालिका मिळून. घरात मार खाऊन आलेली बाई ‘जिन्यावरून पडले’ म्हणते, तेव्हा पुढचा प्रश्न कसा विचारायचा, हे तिथं रुग्णालयातल्याच माणसांना शिकवलं गेलं. त्याच संस्थेनं पुढं औरंगाबाद आणि मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या प्राध्यापकांबरोबर बसून स्त्रीरोग, न्यायवैद्यक, मानसोपचार अशा विषयांचे धडे दुरुस्त केले. औरंगाबाद म्हणजे आपलंच, आपल्याकडचे निम्मे डॉक्टर तिथूनच येतात. हे काम कॉलेजच्या भिंतीआड राहिलं तर मात्र इथल्या बाईला त्याचा उपयोग व्हायला वीस वर्षं लागतील. ते शिकलेला मुलगा पास होऊन इथं बदलीवर येईपर्यंत.

माझं बोलणं इथं थांबवते. प्रश्न घेऊ.

(एक डॉक्टर: मॅडम, आजच्या या व्याख्यानाला क्रेडिट पॉइंट आहेत का?)

नाहीत, डॉक्टर. (हशा) आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं. उद्या कौन्सिलनं मला विचारलं तर मी म्हणेन, निम्मे पॉइंट बसण्याला ठेवा, निम्मे दाखवण्याला. मला कुणीतरी वर्षातून एकदा माझ्या ओपीडीत बघावं. दहा केसपेपर काढावेत आणि विचारावं, हिची पिशवी काढायचा सल्ला का दिला, त्याआधी काय केलं. मला राग येईल. पण त्या दिवशी मी शिकेन.

(एक आशाताई: बाया आम्हाला सांगतच नाहीत. एकदम तारीख घेऊनच येतात, ‘ताई, सोबत चला’ म्हणतात. मग आम्ही काय करायचं?)

सोबत जा. नाही म्हणू नका, नाहीतर ती पुढच्या वेळी तुम्हाला सांगणारही नाही. पण जायच्या आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा. वय किती? पाळीत रक्त फार जातं का नुसतं पांढरं जातं? आतून कुणी तपासलं का नुसती सोनोग्राफी झाली? गोळ्या किती महिने घेतल्या? हिमोग्लोबिन किती आहे? पिशवीसोबत अंडाशयपण काढणार आहेत का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक बायकांना ठाऊक नसतं. पस्तिसाव्या वर्षी अंडाशय गेलं तर तिचं म्हातारपण लगेच सुरू होतं, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, आणि ऊस काय, पाण्याची कळशी उचलवत नाही. या प्रश्नांची उत्तरं ‘माहीत नाही’ अशी आली तर तिला म्हणा, आठ दिवस थांब, आधी आपल्या सिस्टरना दाखवू. रक्त फार जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा जात असेल तर मात्र थांबवायचं नाही. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय.

(एक सिस्टर: पण मॅडम, आमच्याकडे दाखवायचं कुठं? टेबल आहे, त्याच्यावर लसीचे आणि गोळ्यांचे खोके आहेत.)

खोके खाली उतरवा. स्पेक्युलम किती आहेत?

(सिस्टर: दोन. एक आखडलंय.)

आणि बॅटरी?

(सिस्टर: माझी स्वतःची आहे.)

पडदा?

(सिस्टर: पडदा आहे, रिंगा नाहीत.)

रिंगा भोकरदनच्या बाजारात मिळतील. स्पेक्युलमचं मागणीपत्र मी तुमच्यासोबत आत्ता लिहिते, वैद्यकीय अधिकारी इथंच बसलेत, सही त्यांची घेऊ. आणि आठवड्यातला एक दिवस सांगा, कुठला बरा? बाजाराचा सोडून. त्या दिवशी मी येते. तुम्ही बघायचं, मी तुमच्या मागं उभी राहते.